डाव्या खांद्यावरचा डाग

"पाय कुठं हायेत गं याचे? गवतात उभं केलंयस त्याला. खडकावर घे, आन मग काढ."

फोनमधून आधी नुसता वारा ऐकू आला, मग सुकन्याचा आवाज. "सर, मी टेकाडावर हाय. खाली वाडीत रेंज नसती. खाली जाते, फोटो काढते, परत वर यिऊन पाठवते."

"ये की मग सावकाश. मला कुठं जायचंय?"

सूर्यभानने फोन उशाशी ठेवला. त्याला खरंच कुठं जायचं नव्हतं. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. सुप्याला मुलाकडे चार दिवस राहायला म्हणून आला आणि न्हाणीत घसरला. मुलगा कल्याण आणि सून दोघंही कंपनीत जात. मागं दोन खोल्यांत सूर्यभान, त्याची बायको लंकाबाई आणि एक खिडकी. खिडकीतून कारखान्याची पत्र्याची भिंत दिसे आणि तिच्या कडेनं लागलेली ट्रकची रांग. जनावर म्हणून दृष्टीला पडायचं नाही.

नोकरीत तो राजूरच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. डोंगरातली माणसं त्याला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला तो "मी डॉक्टर नाही" असं सांगायचा, पुढं सांगणं सोडून दिलं. निवृत्त झाला तरी भाताची कापणी झाली की तो साबरवाडीला जायचाच. वाडीत सगळी डांगी गुरं, पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे असलेली. वयात आलेल्या गोऱ्ह्यांतला एखादा वळू म्हणून राखायचा का, हे तो ठरवी. बाकीच्यांना चिमटा लागे आणि ते नांगराचे बैल होत.

चिमटा म्हणजे लांब दांड्यांची लोखंडी पक्कड. कातडीवरूनच वृषणाकडं जाणारी आतली शीर दाबायची. रक्त येत नाही, जखम होत नाही, काम डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं. पण एकदा झालं की झालं. त्या जनावराचा वंश तिथंच संपतो.

या वर्षीची निवड नेहमीसारखी नव्हती. वाडीचा जुना वळू लंपीच्या साथीत गेला होता. आता जो राखला जाईल, त्याचीच वासरं पुढची कितीतरी वर्षं त्या उतारावरच्या खाचरांत गुडघाभर चिखलातून नांगर ओढणार. बापाचे पाय कमजोर तर सगळ्या वाडीचे बैल कमजोर. आणि ही निवड त्याला फोटोवरून करायची होती. हात फिरवायचा नाही, पाय उचलून खूर बघायचा नाही, जनावर चालवून बघायचं नाही.

त्याचे दोन नियम होते, ते त्याने फोटोंनाही लावले. एक, कोणता गोऱ्हा कोणाचा हे त्याला सांगायचं नाही. दुसरा, निवड होईपर्यंत वाडीत कोणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की त्या घरचं जनावर जरा बरं दिसायला लागतं, असं तो हसत म्हणे, पण नियम हसण्यावारी नेत नसे.

उन्हं कलताना फोटो आले. खडकावर उभी केलेली जनावरं, एक फोटो बाजूनं, एक मागून. पाठोपाठ सुकन्याचा फोन.

"आता दिसत्यात का पाय, सर?"

"दिसत्यात. पन हे जरा धुरकट का गं?"

"मोबाईल खाचरात पडला हुता. मागचा कॅमेरा पार गेला. म्हनून पुढच्यानं काढलेत, सेल्फीच्या."

"कुठल्याबी कॅमेऱ्यानं काढ. पाय दिसल्याशी मतलब."

सुकन्या ही साबरवाडीची पशुसखी. बारावी होऊन सून म्हणून आली, आणि गुरांना जंत-औषध कसं पाजायचं इथपासून सगळं सूर्यभानकडं शिकली. एकच गोष्ट तो दहादा सांगायचा आणि तिला दहाव्यांदाही कंटाळा येत नसे. त्यामुळं तिला शिकवताना त्याला फार बरं वाटे.

एकेक फोटो त्याने बोटांनी ताणून मोठा केला. एकाची पाठ झोळीसारखी, एकाचं अंग तोकडं. शेवटी दोघं उरले. दोघंही जुन्या वळूची पोरं, एका हंगामातली. रंग, उंची, शिंगांची वळणं सारखीच. फरक होता तो खांद्यावरच्या तळहाताएवढ्या काळ्या डागाचा. एकाला तो उजव्या खांद्यावर होता, दुसऱ्याला डाव्या.

उजव्या डागाचा देखणा होता. वशिंड भरलेलं, मान उंच. बाजारात माणसं त्याच्याभोवती गोळा झाली असती. पण मागून काढलेल्या फोटोत त्याची दोन्ही ढोपरं आत वळलेली दिसत होती, चालताना एकमेकांना घासणारी. डाव्या डागाचा तोंडानं साधा. पण पाठ फळीसारखी, आणि मागचे पाय दोन खांब रोवल्यासारखे सरळ.

"सुकन्या, ऐक. डाव्या खांद्यावर डाग हाय, त्यो राखा. बाकी समद्यांना चिमटा."

पलीकडं वारा तेवढा वाजत राहिला.

"डाव्या?" ती म्हणाली.

"व्हय, डाव्या. का गं?"

"न्हाई... काय न्हाई, सर. उद्या सकाळी रविराजभाऊ येनार हायेत चिमटा घिऊन."

फोन तुटला. सूर्यभान थोडा वेळ फोनकडं बघत राहिला. ती "डाव्या?" असं का म्हणाली असेल? मग त्याने मनाशी म्हटलं, वारा होता, ऐकू आलं नसेल नीट.

सकाळी कल्याण आणि सून कामावर गेल्यावर लंकाबाईने चहा त्याच्यापुढं ठेवला आणि चष्मा लावून त्याचा फोन हातात घेतला. डोंगरातली माणसं सोडून आल्यापासून तिला करमत नव्हतं. फोटोत कोणी ओळखीचं दिसतंय का, हे ती बघत होती.

"तोंडं का न्हाईत घेतली हिनं कुनाची? नुसते हात अन् खांदे."

"मीच सांगितलं हुतं. मानूस दिसलं का मला कळतं कुनाचं जनावर ते."

"लई न्यायाधीश लागून गेलात." तिने पुढचा फोटो सरकवला, मग परत मागं आणला. "अवो, साबरवाडीत गुजराती सून कुनी आणली?"

"काय?"

"ही बघा की. दाव्याला धरून उभी हाय ती. पदर उजव्या खांद्यावर हाय हिचा. आपल्यात कुनी घेतं का असा?"

सूर्यभान हसला. "असंल कुनी तरी. तू पदर बघ, मी पाय बघतो."

"आन ही दुसरी? हिचाबी उजव्याच खांद्यावर. समद्या वाडीनं गुजरात्यांशी सोयरीक केली का काय?"

 सूर्यभानने हातातली कपबशी खाली ठेवली.

"आन इकडं."

त्याने फोटो मोठा केला. डाव्या डागाचा गोऱ्हा, शेजारी दावं धरलेला बाईचा हात, निळ्या लुगड्याचा पदर, उजव्या खांद्यावर. काल त्याने हे पाहिलंच नव्हतं. त्याने मागून काढलेला फोटो उघडला. गोऱ्ह्याच्या मागं एक भिंत होती. भिंतीवर रंग उडाल्यासारखे निळे फराटे होते. काल त्याला ते फराटेच वाटले होते. आता ते फराटे अक्षरांसारखे दिसायला लागले, पण वाचता येईनात.

"तुझा आरसा आण."

"कशाला? दाढी करायचीय का?"

"आण गं लवकर!"

कुंकू लावायचा छोटा गोल आरसा तिने आणला. सूर्यभानने फोनचा पडदा आरशाकडं केला. "आता आरशात बघ. वाच भिंतीवरचं."

लंकाबाई चौथी शिकलेली. तिने बोट फिरवत, अक्षर जुळवत वाचलं, "जिल्हा... परिषद... प्राथमिक... शाळा." आणि नवऱ्याकडं पाहिलं. "मगाशी का वाचता येत नव्हतं?"

"पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा येतो काही काही मोबाईलात. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं." त्याने भिंतीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "पदर डाव्या खांद्यावरच हाय बायांचा. मला तो उजव्यावर दिसला. आन मी म्हनलो, डाव्या डागाचा राखा..."

लंकाबाईने आरशातल्या गोऱ्ह्याकडं पाहिलं. आरशात डाग उजव्या खांद्यावर होता. सरळ पायांचा गोऱ्हा खरा उजव्या डागाचा होता. डाव्या डागाचा, तो ढोपर घासणारा.

"मंजी चिमटा सरळ पायाच्याला बसनार?" ती म्हणाली.

सूर्यभानने सुकन्याला फोन लावला. ती व्याप्तिक्षेत्राबाहेर असल्याचं एक गोड आवाजाची बाई सांगत राहिली. त्याने रविराजला लावला. हा रविराज खाजगीत गुरांचं काम करी, मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या फिरे. त्याचाही फोन लागेना. म्हणजे तो घाट चढून वर पोचलेला तरी असणार, किंवा पोचत असणार.

"जीपवाल्या करणला लावा," लंकाबाई म्हणाली.

करणचा फोन पहिल्या फटक्यात लागला. "डॉक्टर, आज मी भंडारदऱ्याला. पुन्याचं गिऱ्हाईक हाय, पानी बघायला आलेत. संध्याकाळी जातो साबरवाडीला. काय निरोप हाय?"

"संध्याकाळी काय उपेग न्हाई रे त्याचा."

"कुनी गेलं काय डॉक्टर?"

"न्हाई, न्हाई. कुनी न्हाई गेलं." त्याने फोन ठेवला. करणला यापेक्षा जास्त काय सांगणार? डावं-उजवं तोंडी सांगायचं, त्याने ते दुसऱ्याला सांगायचं, आणि वाटेत कुठंतरी परत उलटं व्हायचं.

मग तो उठायला लागला. एक हात भिंतीला, एक खुर्चीला. खुर्ची सरकली. लंकाबाईने धावत येऊन त्याला काखेत धरलं.

"कुठं निघालात? चालत जानार हाय का साबरवाडीला?"

"माज्यामुळं व्हनार हाय हे."

"बसा. पाय अजून मोडून घेतला म्हंजे काय गोऱ्हा वाचनार हाय का?"

तो बसला. खिडकीतून ट्रक हॉर्न वाजवत होते. त्याच्या डोळ्यांसमोर शाळेपुढचं मैदान आलं. गोऱ्ह्याला दोरांनी आडवं पाडलं असेल. कोणी मान दाबून धरली असेल, कोणी पाय. रविराज दांडे उघडत असेल. सुकन्या शेजारी उभी राहून सांगत असेल, "सरांनी सांगितलंय." आणि सरांनी सांगितलंय म्हटल्यावर वाडीत कोणी शब्द काढणार नाही. त्या देखण्या वशिंडावर तर सगळ्यांचा आधीच डोळा असेल. इतकी वर्षं त्याने मिळवलेला विश्वास आज त्याच्या चुकीलाच धरून बसणार होता.

चिमट्याचा आवाज होत नाही. नाहीतर, त्याला वाटलं, तो इथपर्यंत ऐकू आला असता.

तो पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिला. लंकाबाईने दोनदा चहा गरम करून आणला. त्याने कपाला हात लावला नाही. तिसऱ्यांदा ती रागावणार होती, पण तिला नवऱ्याचा नियम आठवला आणि ती न बोलता कप घेऊन गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. सुकन्या. मागं तोच वारा, आणि माणसांचे आवाज.

"सर, झालं समदं."

"काय झालं? कोन राखला?"

"तुमी सांगितला त्योच, सर."

सूर्यभानने डोळे मिटले. लंकाबाईने त्याचं तोंड पाहिलं आणि ती पलंगाच्या कडेला बसली.

"सर? हायेत का?"

"हाय." तो म्हणाला, "राखल्याचा फोटो पाठीव. तुज्या मोबाईलातून नको. रविराजच्या मोबाईलनं काढ."

"इथंच आणलाय त्याला टेकाडावर. रविराजभाऊबी हायेत. लावते पाठवायला."

फोटो यायला वेळ लागला. पडद्यावर एक वर्तुळ फिरत होतं. सूर्यभान त्याच्याकडं बघत होता आणि बघवत नव्हतं. मग फोटो उघडला. दावं धरून निळ्या लुगड्यातली बाई उभी होती. पदर डाव्या खांद्यावर, जिथं असायला हवा तिथं. तिच्या शेजारी गोऱ्हा. तोंड साधं, पाठ फळीसारखी, मागचे पाय खांबासारखे सरळ.

काळा डाग उजव्या खांद्यावर होता.

त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. लंकाबाई आरसा घेऊन वाकली होती. त्याने आरसा बाजूला सारला. या फोटोला आरशाची गरज नव्हती.

फोन पुन्हा वाजला. आता म्हातारा, घोगरा आवाज. कानिफनाथ. वाडीत त्याचा शब्द चाले.

"डॉक्टर, राम राम. कसा हाय पाय तुमचा? आवंदा तुमी न्हाई, म्हनून निवडच गोड लागली न्हाई. आता सांगायला हरकत न्हाई, ह्यो राखलेला चांगुणाचा हाय, फोटोत दावं धरून हुबी हाय तिचा. आन माजा, डाव्या डागाचा, गेला चिमट्याखाली. देखना हुता वो. समदी वाडी त्याच्याकडंच बघत हुती. पन सुकन्या म्हनली, डॉक्टरांनी उजव्या डागाचाच सांगितलाय. चारदा इचारलं मी तिला. चारीदा तेच. मग म्हनलं, डॉक्टर म्हनले ना, मग आपुन गप बसावं. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर माज्या गोऱ्ह्याला हात लावू दिला असता व्हय?"

"कानिफबाबा," सूर्यभान म्हणाला, "तुमचा बैल चांगला व्हईल. चिखलात नांगराला जुंपू नका त्याला, गाडीला लावा." मग म्हणाला, "सुकन्याला द्या जरा."

वाऱ्यातून पावलं लांब जाताना ऐकू आली. ती माणसांपासून बाजूला गेली असावी.

"सर," ती म्हणाली.

"मी डावा म्हनलो हुतो, सुकन्या."

"व्हय, सर."

"आन तू समद्यांना उजवा सांगितलास. माजं नाव घिऊन."

"सर, मी..." ती भराभर बोलायला लागली. "काल तुमी डावा म्हनला तवाच मला कसं तरी झालं. रातभर वाटलं, सर चुकायचे न्हाईत, मीच चुकत असंल. सकाळी रविराजभाऊ यायच्या आधी दोघांना चालवलं. मागं बसून बघितलं. कानिफबाबांच्या गोऱ्ह्याचं ढोपर घासतंय, सर. चिखलात न्हाई टिकनार. तुमीच शिकवलंय, समोरून समदी देखनी दिसत्यात, मागून बघायचं. मी किती फोन लावला तुमाला. चढून आले तर सकाळी वरबी रेंज न्हवती. आन मी माजं नाव सांगितलं असतं तर कोन ऐकनार हुतं? आन तुमी चुकला असं सांगनं... ते माज्या तोंडातून निघालं न्हाई. खोटं बोलले. चुकलं माजं."

लंकाबाईला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिने आरसा उचलून नवऱ्यापुढं धरला, बोटाने फोनकडं खूण केली. सांगा की तिला. फोटो उलटा होता म्हणावं. तुम्हीही तोच निवडला होता.

सूर्यभानने आरशाकडं पाहिलं. एक वाक्य बोललं की झालं असतं. त्याची नजर चुकली नव्हती, हे सुकन्याला कळलं असतं, आणि तीही मोकळी झाली असती. पुढच्या वेळी मग तिने पुन्हा फोटो पाठवले असते, नवीन मोबाईलवरून, आणि टेकाडावर उभी राहून त्याच्या शब्दाची वाट बघितली असती.

त्याने मान हलवली. नको.

"सुकन्या, दोघांना चालवून बघितलंस?"

"व्हय, सर."

"मागं बसून?"

"व्हय."

"मग तुजी नजर खरी. माजी चुकली." तो सावकाश बोलत होता, जंत-औषधाचं माप सांगावं तसं. "फोटोत चालनं दिसत न्हाई. पुढच्या साली मला फोटो पाठवू नको."

"सर, तुमी रागावला का?"

"न्हाई गं. कानिफबाबांना सांगतो मी. पुढच्या साली तू ठरवायचं. तू म्हनलीस म्हंजे मी म्हनलो. आन निवड झाल्याबिगर कुनाच्या घरी चहा पिऊ नको."

ती रडत होती की हसत होती, वाऱ्यामुळं कळलं नाही. फोन आपोआप तुटला.

लंकाबाई आरसा पदराने पुसत म्हणाली, "खोटं बोललात."

"तीबी बोललीच की."

"तिचं खरं निघालं."

"चहा कर," सूर्यभान म्हणाला.

ती आत गेल्यावर त्याने फोन हातात घेतला. कालचे फोटो एकेक करून पुसायला सुरुवात केली. कधीतरी सुकन्या भेटायला येईल, फोन हातात घेईल, तिला पदर दिसतील, भिंतीवरची उलटी अक्षरं दिसतील. ती हुशार होती.

शेवटी एकच उरला. खडकावर उभा असलेला गोऱ्हा, पाठ फळीसारखी, पाय खांबासारखे, डाव्या खांद्यावर तळहाताएवढा काळा डाग. डोंगरात, वाडीत, बाजारात, असा गोऱ्हा जगात कुठंच नव्हता. पण काल त्याने निवडला होता तो हाच.

आतून कपबशीचा आवाज आला. सूर्यभानने एकदा त्याचे पाय पाहून घेतले, मागून पुढं, नेहमीसारखे, आणि मग तो फोटोही पुसला.